खसखशीचं स्थळ

उदगीर, १२ जानेवारी

अक्षरा,

अप्पांच्या चोरून फोन लावते तर तू उचलत न्हाईस. नीलाच्या फोनवरून लावला तर तिचा नंबरबी तू बंद करून टाकलास. म्हणून आता पोस्टाला कामाला लावलंय. पोस्टातला माणूस म्हणला, "काकू, पत्र? आजकाल कोण लिहितंय?" मी म्हणलं, ज्याचं लेकरू ऐकत न्हाई ते लिहितंय.

भांडायला लिहीत न्हाई. एक सवाल हाय. तुझा तो उंदीर आंघोळ करतो का?

बरं, उंदीर न्हाई, हॅमस्टर. आन् तो न्हाई, ती. खसखस. नाव तरी काय ठेवलंस माय! दिवाळीत बॅग उचलून नांदेडला गेलीस तव्हा पिंजरा नीलाच्या हातात दिलास आन् "हिला एकटीच राहू दे" एवढंच म्हणलीस. मला तर जाताना तेवढंबी म्हणली न्हाईस. मलाबी राग व्हता, मी त्या पिंजऱ्याकडं बघत सुदिक नव्हते. तुझे अप्पा दुकानामागच्या गोदामात पिंजरे लावून उंदीर धरतात, आन् त्यांचीच पोरगी पिंजऱ्यात घालून उंदीर पोसती. गल्लीत हसं झालंय आपलं.

पण संक्रांतीचे तीळ निवडत बसले व्हते तर ही जाळीला नाक लावून बघून राहिली. चार तीळ टाकले. यव्वा! खाल्लेच न्हाईत तिनं, गालात घातले. आजून टाकले, तेबी गालात. मग करडीचं बी टाकलं. तोंड दुप्पट झालं तरी थांबेना. मग लगालगा कोपऱ्यात जाऊन दोन्ही हातांनी गाल दाबून सगळं ओतलं आन् वर कागद पांघरला. मी हसून हसून बेजार. कुणासाठी साठवती गं ती? एकटीच तर हाय.

तव्हापासून सोडलं न्हाई मी तिला. आपल्याकडं सोमवारी सगळ्यांची डोक्यावरून आंघोळ असती हे तुला म्हाईतच. म्हणलं हिलाबी घालावी. कोमट पाणी काढलं तर नीला किंचाळली, "अव्वा, तिला चालत न्हाई!" का चालत न्हाई ते तिला सांगता येईना. म्हणून तुला विचारून राहिले.

दुसरं. पाडव्याला धाकटीची, आपल्या नीलाची, सुपारी फोडायची ठरलीय. मुलगा महांतेश. हाव, तोच. माझ्या भावाचा, शिवमूर्तीचा. तू पाळण्यात असताना तुझ्यासाठी धरलेला पोरगा, तू नको म्हणलीस म्हणून वाईट न्हाई झाला. निलंग्याचं हार्डवेअरचं दुकान चांगलं चालवतो, सुपारीचं खांडसुदिक खात न्हाई. तू यावं आसं मला वाटतं. अप्पांनी शपथ घेतलीय की ह्या घरातून तुला फोन जाणार न्हाई. यायची मनाई केलेली न्हाई.

अव्वा

उदगीर, २६ जानेवारी

अक्षरा,

तुझं कार्ड आलं. दोनदा उलटून बघितलं, मागं काई लिहिलंय का म्हणून. "पाणी घालू नकोस, गारठून मरेल. पसरट वाटीत कोरडी बारीक वाळू ठेव, ती स्वतःच लोळेल. कांदा, लसूण, लिंबू, मिठाचं काहीही देऊ नकोस. कापूस घालू नकोस, पायात गुंततो. साधा कागद फाडून भरपूर घाल." संपलं. अव्वा कशी हाय न्हाई, नीलाच्या सुपारीचं एक अक्षर न्हाई. उंदराच्या तबियतीची तेवढी फिकीर!

पण खरं सांगू? वाळूचं वाचून मला राहवलं न्हाई. बांधकामावरची वाळू आणली, गाळून, तव्यावर भाजून, गार करून वाटीत घातली. आधी हुंगली. मग चारी पाय वर करून आशी काय लोळली! उठून अंग झाडलं, तोंड पुसलं, कानामागून हात फिरवला. तुझे अप्पा लिंगपूजा आटपून भस्म लावून बाहेर येत व्हते, तेबी थांबून बघत राहिले. "ही तर माझ्याआधीच भस्म फासून बसलीय," म्हणले. आन् खरंच की गं, तिचं अंग तसंच हाय, पांढऱ्यावर राख शिंपडल्यासारखं. मग त्यांना आठवलं हा पिंजरा तुझा हाय. तोंड फिरवून दुकानात गेले.

आता ऐक. मला तिची दया येऊन राहिली. गालात साठवती, घर झाडती, रात्रभर ते चाक फिरवती, पण बोलायला कोण हाय तिला? नीलाच्या साड्या बघायला लातूरला गेलो तव्हा मासे-पाखरांच्या त्या दुकानात गेले जिथून तू हिला आणलीस. दुकानदार म्हणला, "काकू, ही जात एकटीच राहती." मी म्हणलं, आसं कुणी एकटं राहत असतं का? त्यानं मला एक सोनेरी रंगाचा दाखवला, हैदराबादेहून आलेला, चांगला गुबगुबीत. मी म्हणलं परका नको बाबा. कुठल्या खाणीतला, कुठल्या गुणाचा, आमच्या पोरीला चावला बिवला तर? हिच्या घरातलं कुणी हाय का ते सांग.

हाय म्हणला. हिच्याच आईच्या त्याच खेपेतला एक दुकानात राहिलेला. रंगबी तोच, राखी. "पण काकू, भाऊ लागतो तिचा." मी म्हणलं जनावरात कुठलं आलंय नातं? ओळखीचा तरी हाय, छळणार न्हाई. तो खांदे उडवून डबा शोधायला गेला.

हसू नकोस. मी माझ्या मामाच्या घरात दिली गेले. लग्नाआधी तुझ्या अप्पांना मी मामाच म्हणत व्हते आन् लग्नानंतर काय म्हणावं ते आजून सुचलं न्हाई, म्हणून "ऐकलं का" म्हणते. पण माझी सासू म्हणजे माझी सख्खी आज्जी. पहिल्या दिवशी भाकरी करपली तर तिनं ती खाल्ली आन् मला ताजी करून वाढली. परक्या घरात मिळतं का हे? महांतेशच्या आईला नीला जन्मापासून मामी म्हणती. त्या पोरीला घर बदलल्यासारखं सुदिक वाटणार न्हाई. तुलाबी वाटलं नसतं.

त्याचं नाव ओवा ठेवलंय. दुकानदाराच्या घरात दुसरं काय ठेवणार!

अव्वा

उदगीर, ९ फेब्रुवारी

अक्षरा,

तुझं लाल शाईचं कार्ड आलं. "लगेच वेगळं कर! सख्खे बहीण-भाऊ आहेत. आणि ही जात एकत्र राहत नाही, एकमेकांना मारून टाकतील." उशीर झाला, माय. पोस्ट हाय ते, फोन न्हाई. फोन घेतला आसतास तर तव्हाच कळलं आसतं.

पहिल्या दिवशी ओव्याला तिच्या पिंजऱ्यात सोडलं तर बया नुसती वाघीण! त्याचा कान फाडला. त्यो बिचारा चाकाखाली दडून बसला. मी आन् नीलानं झाऱ्यानं त्याला बाहेर काढला. हळद लावणार व्हते कानाला, नीलानं लावू दिली न्हाई. चार दिवसांनी संध्याकाळी ती गुमान बसलेली दिसली म्हणून पुन्हा सोडला. त्या दिवशी मात्र गडबड न्हाई, गोंधळ न्हाई. मी म्हणलं जमलं बाई एकदाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मारामारी. आता ओवा दुकानात गल्ल्यामागं वेगळ्या पिंजऱ्यात हाय. गिऱ्हाईक तेल घ्यायला येतं आन् त्याला बघत बसतं.

झालं ते झालं. खसखस सुस्त झालीय, पोट सुटलंय, कागदाच्या चिंध्या करून कोपऱ्यात घर रचून राहिली. तुला कळलंच आसेल.

पण तू कारण का सांगत न्हाईस गं? "सख्खे बहीण-भाऊ आहेत." हायत, मग? काय होतं त्यानं? नुसतं न्हाई म्हणायचं आन् गप बसायचं ही तुझी जुनी खोड. दिवाळीत तेच केलंस. अप्पांनी तुला नको नको ते सुनावलं, शिवमूर्ती मामा उंबऱ्यात बसून रडला. मी विचारलं कुणी दुसरा हाय का, तर न्हाई. पोरात खोट हाय का, तर न्हाई. मग का? तर "नको, अव्वा." तेवढ्यासाठी मला घरची, गल्लीची तोंडं ऐकावी लागली. नांदेडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांना कागदावर सगळं बैजवार लिहून देतीस, आन् आईला एक कारण देता येत न्हाई.

नीलाला विचारलं, तुला महांतेश पसंत हाय ना? "अव्वा म्हणल तसं," म्हणली. बघ. आसं असावं माणसानं.

अव्वा

उदगीर, २० फेब्रुवारी

अक्षरा,

झाली मोकळी! सकाळी दुकान उघडायच्या आत. नीला बारीक आवाज ऐकून पळत आली. मी चष्मा लावून बघितलं तर कागदाच्या खाली शेंगदाण्याएवढे गुलाबी गोळे, केस न्हाईत, डोळे न्हाईत, नुसते वळवळतात. किती हायत ते मोजू दिलं न्हाई नीलानं. तुझं कार्ड देवघरात चिकटवलंय तिनं: "पिल्लांना हात लावू नकोस. वाकून बघू नकोस. घरटं हलवू नकोस. आई घाबरली तर पिल्लं खाऊन टाकते." आई कशी खाईल? पण खाती आसेल. घाबरलेल्या बाईचं काई सांगता येत न्हाई.

शेजारच्या गुणाबाईला कुणी सांगितलं काय की. खणाच्या पिशवीत डिंकाचे लाडू, शेगडीला गोवऱ्या, आन् वर धुरी द्यायला ओवा-वावडिंग घेऊन हजर. "बाळंतीण कुठाय?" म्हणती. म्हणलं गुणाबाई, लाडू ठेवा, मी खाते, पण आत पाऊल टाकायचं न्हाई. फुगून गेली. पिंजऱ्यावर नीलाची ओढणी टाकलीय, टीव्ही बंद, तुझ्या अप्पांना खोकायला दुकानात पाठवते.

तू लिहिलंस बाळंतिणीला उकडलेलं अंडं दे. अंडं? ह्या घरात? जंगमस्वामी पूजेला येतात आपल्याकडं! खाली लिहिलंयस, "ते जमणार नाही हे माहीत आहे. बिनमिठाचं पनीर दे, थोडंच." मग आधीच लिहायचं की पनीर! चिडवायला लिहिलंस ना? मी तुला ओळखते. लई दिवसांनी हसू आलं मला तुझ्यावर.

ती बसलीय. मी लांब पाटावर बसून तिच्याकडं बघत न्हाई आसं दाखवते आन् बघते. सगळ्यांना पोटाखाली ओढून घेती, एखादं सरकलं की तोंडात धरून आणती. तुम्हा तिघांना घेऊन मी आशीच पडायची.

दोघींना लिहायचं व्हतं. राहू दे. पेनानं लिहिलेलं पुसता येत न्हाई.

अव्वा

उदगीर, ८ मार्च

अक्षरा,

पिल्लांनी डोळे उघडले. आता केसबी आलेत. काई तांबूस, काई आईसारखी राखी. सगळीकडं पळत सुटलीत, पडतात, उठतात, कुणाच्याबी डोक्यावर पाय देऊन जातात.

दोन पिल्लं पांढरी हायत. पार पांढरी, कापसासारखी. मला तीच आधी आवडली. पण त्यांचे डोळे उघडेनात. बाकीच्यांचे उघडले, म्हणलं ह्यांना दोन दिवस उशीर. तेबी गेले. मग आज नीलानं एकाला तळहातावर घेतलं, दाराशी उजेडात नेलं आन् तशीच उभी राहिली. "अव्वा, डोळे मिटलेले न्हाईत. डोळे न्हाईतच."

मी बघितलं. जिथं डोळा पाहिजे तिथं नुसती रेघ. दात बी धड न्हाईत, करडीचं बी फोडता येईना त्याला. आई दूर ढकलत न्हाई, बाकीची ढकलतात.

मी म्हणलं, नजर लागली. गुणाबाईला आत येऊ दिलं न्हाई, तिचीच लागली आसेल. नीलानं पिल्लू परत ठेवलं, हात धुतले, आन् माझ्याकडं पाठ करून म्हणली, "अव्वा, आपला बसू कसा व्हता?"

तिनं त्याला बघितलेलं न्हाई. त्याच्यानंतरची ती. घरात कुणी नाव काढत न्हाई तर तिला कुठून ठावं? तू सांगितलंस का? तू तर स्वतःच चिमुरडी व्हतीस. त्याची मान ठरत नव्हती तर तू उशी घेऊन धावायचीस. त्याच्या कानाशी जाऊन काईतरी गुणगुणायचीस आन् तो फक्त तुझ्या आवाजाला हसायचा. दुसरा पाडवा बघितला न्हाई त्यानं. त्याच्या आधीचं एक तर पोटातच गेलं, ते तुला म्हाईत नसेल.

मी नीलाला म्हणलं, तो पोटात आसताना सूर्याला गिराण लागलं व्हतं आन् मी विळीवर दोडकी चिरली, म्हणून तो तसा झाला. सगळ्यांनी तेच सांगितलं व्हतं मला. नीला म्हणली, "मग खसखशीनं काय चिरलं?"

ह्याचं उत्तर तुला येतं का?

अव्वा

उदगीर, १६ मार्च

अक्षरा,

तुझं कार्ड यायची वाट बघितली न्हाई. दोन्ही पांढरी पिल्लं डब्यात घालून ढोरांच्या दवाखान्यात गेले. रांगेत मी एकटी डबा घेऊन, बाकी सगळे म्हशी-गाई धरून. माझ्यापुढं देवणी गाय घेऊन एक बाप्या व्हता, त्यानं डब्यात डोकावून विचारलं, "काय हाय काकू, गुलाबजाम?"

डॉक्टरीण बाई तुझ्याच वयाची. "मी ह्यांच्यातली न्हाई, काकू, मी गाई-म्हशींची," म्हणली, पण लई वेळ घेऊन बघितलं. आईबापाचा रंग विचारला. मी म्हणलं दोघंबी राखी, एकाच आईची. तिनं मोबाइलवर शोधलं, कुणाला तरी फोन केला. मग मला स्टुलावर बसवून समजावलं.

म्हणली, हा राखी रंग ज्याच्याकडं हाय त्याच्या रक्तात एक खूण असती. एकाच बाजूनं पिल्लाला मिळाली तर नुसता रंग येतो, काई बिघडत न्हाई. दोन्ही बाजूंनी मिळाली तर पिल्लू पांढरं होतं आन् डोळे येत न्हाईत. "तुमची खसखस ठणठणीत हाय, ओवा ठणठणीत हाय. दोघांत कुणाची खोट न्हाई. पण दोघांकडं एकच खूण हाय, कारण दोघं एकाच घरातली. तुम्ही परका आणला आसता तर त्याच्याकडं बहुतेक ती नसती."

परका. तो सोनेरी हैदराबादवाला माझ्या डोळ्यापुढं आला.

देवणीवाला बाप्या मागून म्हणला, "ह्यात काय नवीन हाय, बाई? आपल्याच वळूच्या कालवडीवर आपलाच वळू आम्ही घालत न्हाई. बदलून आणतो. बारकं पोरगं सांगल." आन् गायीला पाठीवर थाप मारून निघून गेला.

अक्षरा, तो बाप्या आपल्यातलाच व्हता, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. त्याच्या घरीबी मामाचीच पोरगी केलेली आसेल.

मी डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "बाई, आन् माणसात?" तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणली, "माणसांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पण रक्ताचा नियम एकच. नात्यात केलं म्हणजे दर वेळी होतंच आसं न्हाई, लई जणांना काई होत न्हाई. पण एकाच घरात पिढ्यानपिढ्या फिरत राहिलं की धोका वाढत जातो." मी तिला बसूचं सगळं सांगितलं. अनोळखी पोरीला, म्हशीच्या वासात बसून. म्हणली, "एवढ्या वर्षांनी ते नक्की कशानं झालं हे कुणीच सांगू शकणार न्हाई. पण एक नक्की सांगते, काकू. दोडक्यानं झालं न्हाई."

घरी येऊन मी ती विळी काढली. तीच हाय आजून, सासूनं दिलेली. इतकी वर्षं गिराण आलं की मी तिला कपड्यात बांधून माळ्यावर टाकते आन् दिवसभर पाणी सुदिक पीत न्हाई. इतकी वर्षं बसूला मी मारला म्हणून झोपले आन् उठले. आज त्या विळीवर दोडकी चिरली आन् रडले. रडत रडत भाजी केली. खारट झाली, तुझ्या अप्पांनी तशीच खाल्ली.

डॉक्टरणीनं नर-मादी कसे ओळखायचे ते दाखवलं, घरी येऊन मी आन् नीलानं सगळे वेगळे केले, महिना व्हायच्या आत करावे लागतात, न्हाईतर तीच भावंडं पुन्हा व्यायला लागतात. आन् मोठे झाले की एकेकाला वेगळा पिंजरा. पांढऱ्या दोघांना भिजवून मऊ देते. त्यांना दिसत न्हाई पण वास लई येतो, माझा हात ओळखतात.

रात्री नीला माझ्या कुशीत येऊन झोपली. म्हणली, "अव्वा, मी न्हाई म्हणलं तर अप्पा मलाबी फोन करणार न्हाईत का?"

पाडवा तोंडावर आलाय. नारळ आणून ठेवलेत. शिवमूर्ती माझा एकटाच भाऊ हाय, अक्षरा. काय करू मी?

अव्वा

उदगीर, ३१ मार्च

अक्षरा,

तुझं कार्ड पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. पहिल्यांदा त्यात उंदराचं काई नव्हतं. "अव्वा, तू विचारलंस तेवढं पुरे. पुढचं तूच ठरव." एवढंच.

काल सगळे आले. शिवमूर्ती, वहिनी, महांतेश, वहिनीच्या हातात नीलाची साडी. गुढी उभारली, पुरणाचा वास, नीला आत. मी ठरवलं व्हतं की सुपारी फोडायच्या आधी भावाला बाजूला घेऊन सांगीन. पण मी आपली पाणीच वाटत राहिले. तेवढ्यात शिवमूर्तीचंच लक्ष पिंजऱ्याकडं गेलं. त्याला तर लहानपणापासून सगळ्यात हात घालून बघायची सवय. "अक्का, हे काय पाळलंस?" म्हणत पांढरं पिल्लू हातावर घेतलं. ते त्याच्या तळहातावर नाक फिरवत, चाचपडत मनगटापर्यंत चालत गेलं.

"डोळे का मिटून घेतलेत ह्यानं?"

"मिटले न्हाईत, शिवमूर्ती. न्हाईतच."

"का?"

आता भावानंच विचारलं तर सांगायला नको का? मी डॉक्टरणीनं सांगितलं तसं सांगितलं. राखी रंग, एक बाजू, दोन बाजू, परका का घ्यायचा. सगळे ऐकून राहिले, वहिनी साडीची घडी पुन्हा पुन्हा घालून राहिली. मग मी म्हणलं, "तुला बसू आठवतो का?"

तुझे अप्पा उठले आन् देवघरात जाऊन बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले न्हाईत.

शिवमूर्तीचा चेहरा लाल झाला. "अक्का, माझ्या पोरात खोट काढतीस?"

"तुझ्या पोरात गुंजभर खोट न्हाई. पण तुझ्या-माझ्यात एकच रक्त हाय, तुझ्या दाजीतबी तेच हाय, आन् आता तेच नीलात आन् महांतेशात. मी दोन लेकरं घालवली. नीलानं घालवू नयेत."

आन् मग महांतेश बोलला. तो पोरगा कधी बापापुढं तोंड उघडत न्हाई, तुला म्हाईत हाय. खाली मान घालून म्हणला, "आत्या, अक्षरानं मला हेच सांगितलं व्हतं."

मी म्हणलं, कधी?

"दिवाळीच्या आधी. निलंग्याला दुकानात येऊन. सगळं समजावलं. मग हात जोडले मला, म्हणली, हे कारण आमच्या घरात कुणाला सांगू नकोस. अव्वाला कळलं तर ती बसूचं पुन्हा स्वतःवर घेईल. मला शिव्या पडल्या तर पडू देत."

अक्षरा. अगं माय माझी.

मी तुला कशाकशाला बोलले. हट्टी म्हणलं, दगड म्हणलं, तुला आईची माया न्हाई म्हणलं. आन् तू तोंडाला कुलूप घालून उंबरा ओलांडलास. माझ्यासाठी. मला विळीचं दुखणं व्हतंच, तू त्याच्यावर दुसरं घालायला तयार नव्हतीस. एवढं कशाला सोसलंस गं एकटीनं? मला सांगायचं की. मी रडले आसते, पण मेले नसते.

मी महांतेशला म्हणलं, मग तू नीलाला हो कसं म्हणलास? "बापापुढं बोलता आलं न्हाई," म्हणला, आन् डोळे पुसले. वाईट न्हाई गं तो.

सुपारी फुटली न्हाई. शिवमूर्ती जेवला न्हाई, पुरणाचं ताट तसंच राहिलं. नाराज हाय. जाताना वहिनीनं माझा हात घट्ट दाबला, तेवढ्यावरून मला कळलं. येईल तो वळणावर. न्हाई आला तर मी जाईन निलंग्याला, माझाच भाऊ हाय. महांतेश मात्र दारातून परत आला. "आत्या, ह्यातलं एक पिल्लू देतीस?" म्हणला. मी त्याला उभा करून सगळं विचारलं, पिंजरा केवढा हाय, उन्हात ठेवशील का, कांदा घालशील का. मग तांबूस नर दिला आन् बजावलं, एकटंच ठेवायचं, जोडी आणायची न्हाई. "न्हाई आणत," म्हणला आन् पहिल्यांदा हसला. बाकीच्यांसाठीबी आशीच माणसं शोधून राहिले. गुणाबाई दोन मागती, तिला एकच देईन. पांढरी दोन्ही माझ्याजवळ राहतील.

नीलानं आज सकाळी दुकानात बसून ओव्याला दाणे घातले आन् मोठ्यानं गाणं म्हणली. लई दिवसांनी.

आन् तुझे अप्पा. काल देवघरातून लई वेळानं बाहेर आले. जेवले न्हाईत. पांढरं पिल्लू मांडीवर घेऊन बसले, एका बोटानं त्याची मान धरून. हळू आवाजात त्याला "बसवा, बसवा" म्हणून राहिले. मी स्वयंपाकघरातून ऐकलं, बाहेर गेले न्हाई.

आज हे पत्र लिहून झालं तर समोर येऊन उभे राहिले. "पाकीट दे," म्हणले. मी म्हणलं, तुमची शपथ हाय ना? तर म्हणले, "शपथ फोनाची घेतलीय, पत्त्याची न्हाई."

तव्हा पाकीट टाकून देऊ नकोस. वरचा पत्ता त्यांनी लिहिलाय, नांदेडच्या पुढं दोनदा खोडलंय बघ. आन् ती शपथ मी नीट आठवून बघितली. ह्या घरातून फोन जाणार न्हाई आसं म्हणले व्हते ते. तुझा आला तर उचलणार न्हाई आसं कधीच म्हणले नव्हते.

ते दुपारी दोनपर्यंत गल्ल्यावरच असतात, ओव्याजवळ.

अव्वा